कंपायलरचं बिऱ्हाड कसं हलतं? मुलांना हे शिकवायलाच हवं



दहावीचा निकाल लागला की आमच्या भोसरी-चिंचवडकडच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, मुलाला कोणती लँग्वेज लावू? पायथन की जावा?" क्लास लावतात तशी लँग्वेजही 'लावायची' असते. या प्रश्नाला माझं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललंय. मी म्हणतो, कुठलीही लावा. पण सहा महिन्यांनी त्याला विचारा, "तुझा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर चालतो का?" मुलगा गप्प बसला तर फी कुठे गेली ते कळेल.

आजचा लेख या एका प्रश्नाबद्दल आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. आपल्या पट्ट्यात निम्मी घरं टूल रूम, प्रेस शॉप नाहीतर सीएनसीवर चालतात. त्या घरांना ही गोष्ट आयटीवाल्यांपेक्षा लवकर कळेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा आकड्यांत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला 'संकलक' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण संकलन म्हणजे गोळा करणं आणि कंपायलर गोळा करत नाही, तो घडवतो. मी वर्गात कंपायलरच म्हणतो. दुसरा शब्द पोर्टिंग. एका सिस्टिमवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या सिस्टिमवर चालता करणं म्हणजे पोर्टिंग. याला मी बिऱ्हाड हलवणं म्हणतो. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं लातूर, बीड, जळगाव, बुलढाण्याहून आलेल्या घरांतली आहेत. त्यांना बिऱ्हाड हलवणं शिकवावं लागत नाही. सामान टेम्पोत भरलं की काम संपत नाही. गॅसचं कनेक्शन, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, पाण्याची वेळ, किराणावाल्याची उधारी, हे सगळं जुन्या गावात गृहीत धरलेलं असतं आणि नव्या जागी पुन्हा उभं करावं लागतं. प्रोग्रॅमचंही तसंच. कोड कॉपी होतो एका क्लिकमध्ये. त्या कोडने जे गृहीत धरलेलं असतं, ते पेनड्राइव्हमध्ये येत नाही.

आता एक गंमत बघा. १९८७ साली दोन सी कंपायलर बाजारात आले. एक बोर्लंड कंपनीचा टर्बो सी, दुसरा रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी. टर्बो सी डॉससाठी होता. निळी स्क्रीन, झटपट कंपाइल, वापरायला सोपा. विद्यार्थ्यांना तो आवडला यात नवल नाही. जीसीसी युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी होता, रुक्ष, बटणं नाहीत, सगळं टाइप करायचं. पण त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला होता, आणि तो पहिल्यापासून अशा बेताने लिहिला होता की नव्या प्रोसेसरचं वर्णन वेगळ्या फाइलमध्ये लिहून द्यायचं आणि बाकीचा कंपायलर तसाच वापरायचा. पुढे काय झालं? डॉस गेलं, तसा टर्बो सी जिथे होता तिथेच राहिला. जीसीसी मात्र बिऱ्हाड पाठीवर घेऊन सन, एचपी, आयबीएमच्या युनिक्सवर गेला, मग लिनक्सवर, बीएसडीवर, राउटरपासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे.

आणि तरीही, मित्रांनो, आज डॉसबॉक्स नावाच्या खोक्यात ती निळी स्क्रीन उघडून प्रॅक्टिकल घेणारी ठिकाणं आहेत. नावं घेत नाही, कुणाला नावं ठेवायचा हेतू नाही. लॅब जुन्या असतात, मॅन्युअल जुनं असतं, परीक्षकही त्याच मॅन्युअलवर वाढलेला असतो, हे मला कळतं. पण त्याचा परिणाम मुलावर काय होतो ते पाहा. त्याच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ असते कॉनिओ डॉट एच, पुढे क्लियर-स्क्रीन, शेवटी गेट-सीएच. सी++ असेल तर आयओस्ट्रीम डॉट एच. हाच प्रोग्रॅम तो कंपनीच्या टेस्टला लिनक्सवर टाकतो आणि पहिल्याच ओळीला एरर येते: अशी फाइलच नाही. मुलाला वाटतं आपल्याला सी येत नाही. त्याला सी येतं. फक्त त्याने एका घराला अख्खं गाव समजलेलं असतं, आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यापेक्षा वाईट प्रकार असतो तो एरर न येण्याचा. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम प्रत्येक जर्नलमध्ये असतो. साध्या 'इंट'मध्ये उत्तर ठेवा. टर्बो सीमध्ये ७ चं फॅक्टोरियल ५०४० बरोबर येतं. ८ चं टाका. यायला हवं ४०३२०, येतं उणे २५२१६! कारण तिथे इंट दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे मोजता येत नाही आणि आकडा उलटतो. तोच प्रोग्रॅम जीसीसीवर ४०३२० दाखवतो, कारण इथे इंट चार बाइटचा. मुलं लगेच म्हणतात, "मग जीसीसी चांगला." थांबा. १३ टाका. उत्तर यायला हवं ६२२७०२०८००. स्क्रीनवर बहुधा दिसतं १९३२०५३५०४. आता तर उणे चिन्हही नाही. दिसायला अगदी सोज्वळ, आणि साफ चुकीचं. हा तास मी दरवर्षी घेतो. कंपायलर 'चांगला-वाईट' नसतो, त्याच्या गावाचे नियम वेगळे असतात, हे या एका उदाहरणाने कळतं तेवढं दहा व्याख्यांनी कळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. साधा प्रोग्रॅम हलवताना नव्या जागी कंपायलर हाताशी असतो. पण कंपायलरच हलवायचा असेल तर? तोही एक प्रोग्रॅमच आहे. जीसीसी कितीतरी वर्षं सी भाषेत लिहिलेला होता, आता सी++ मध्ये आहे. म्हणजे जीसीसी तयार करायला आधी कंपायलर हवा! कोंबडी आधी की अंडं आधी?

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकाआधी पिंपरीत सापडतं. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ मध्ये पुण्याला आली. सुमंत मुळगावकरांनी इथे पहिल्या दिवसापासून ट्रक काढायला घेतले नाहीत. आधी मशीन टूल विभाग उभा केला, टूल रूम उभी केली, पोरांना हाताखाली घेऊन शिकवलं. म्हणजे ट्रक बनवणारी यंत्रं आणि ती यंत्रं बनवणारी माणसं आधी. पुण्याच्या कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ मध्ये. अकरा वर्षं! आजच्या काळात कुठला गुंतवणूकदार एवढं थांबेल? पण या पट्ट्यात आज हाताचं कसब दिसतं, गल्लोगल्ली डाय आणि फिक्स्चर बनवणारी वर्कशॉप्स दिसतात, त्यात त्या अकरा वर्षांचा मोठा वाटा आहे असं मी मानतो.

कंपायलरही असाच उभा राहतो. याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. नव्या सिस्टिमवर आधीपासून जो काही साधासुधा कंपायलर असेल, त्याच्याकडून जीसीसी एकदा तयार करून घ्यायचा. हा पहिला टप्पा. हा जीसीसी परक्या हाताने घडलेला, त्यामुळे यावर पूर्ण भरवसा नाही. मग याच जीसीसीकडून तोच जीसीसी पुन्हा कंपाइल करायचा. दुसरा टप्पा. आणि या दुसऱ्याकडून तिसऱ्यांदा. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातून निघालेल्या फाइल्स एकमेकींशी ताडून बघायच्या. दोन्ही अगदी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कुठेतरी गडबड आहे, माल पुढे जाणार नाही. क्वालिटीत काम करणाऱ्या पालकांनो, ओळखीचं वाटतंय ना? फर्स्ट पीस पास झाल्याशिवाय लॉट सोडत नाहीत, तसंच हे. एक पीस बरा निघाला म्हणून भागत नाही, तोच पीस पुन्हा तसाच निघतो का ते बघायचं.

आणि नव्या जागी साधा कंपायलरही नसेल तर? तर शेजारच्या मशीनवर बसून घडवायचा. याला क्रॉस कंपायलिंग म्हणतात. इथे मुलांचा हमखास गोंधळ होतो, कारण तीन मशिनं एकदम डोक्यात ठेवावी लागतात: बिल्ड, होस्ट आणि टार्गेट. मी असं सांगतो. डाय भोसरीच्या टूल रूममध्ये बनते. ती बसते चाकणच्या प्रेसवर. आणि तिच्यातून निघालेलं पॅनल लागतं गाडीला. भोसरी हे बिल्ड, चाकण हे होस्ट, गाडी हे टार्गेट. कंपायलर म्हणजे डाय. तो कुठे बनला, कुठे चालतो आणि त्याचा माल कुठे लागतो, ही तीन वेगळी उत्तरं असू शकतात. आमच्याकडच्या मुलाला हे एका मिनिटात कळतं, कारण त्याचे वडील यांपैकी एका ठिकाणी काम करत असतात. (तिन्ही मशिनं वेगवेगळी असतील तर त्या प्रकाराला 'कॅनेडियन क्रॉस' म्हणतात. कॅनडात त्या वेळी तीन राष्ट्रीय पक्ष होते म्हणून! नावं ठेवणाऱ्यांना कंटाळा आला की असं होतं.)

"सर, हे सगळं अमेरिकेत चालत असेल, आपल्याकडे कोण करतं?" असं एका पालकांनी विचारलं होतं. उत्तर पिंपरी-चिंचवडच्या कुंपणाला लागून, हिंजवडीत आहे. केपीआयटी ही पुण्याची कंपनी. २००० नंतरच्या दशकात, ती केपीआयटी कमिन्स या नावाने ओळखली जायची तेव्हा, तिथल्या इंजिनिअरांनी हिताचीच्या, आणि २००३ नंतर रेनेसासच्या, एसएच आणि एच८ या मायक्रोकंट्रोलरसाठी जीसीसी आणि त्याच्या जोडीची साधनं तयार करून सांभाळली. गाड्यांच्या आणि घरगुती यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या या चिप. त्यांच्यावर ना कीबोर्ड ना स्क्रीन, तिथे बसून कोण कंपाइल करणार? म्हणून कंपायलर चालायचा लिनक्सवर किंवा विंडोजवर आणि माल काढायचा चिपसाठी. ही साधनं जगभरातल्या वापरणाऱ्यांना फुकट उतरवून घेता यायची, अडलं तर मदतही मिळायची.

आणखी एक पुरावा सांगतो. सीआर१६ नावाचा नॅशनल सेमीकंडक्टरचा एक सोळा बिटांचा प्रोसेसर आहे. त्याच्यासाठीचा जीसीसीचा भाग जगाच्या मुख्य जीसीसीत गेला, आणि त्या फाइलच्या डोक्यावर कॉपीराइटचं साल २०१२ आणि खाली 'केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्स लिमिटेड यांचं योगदान' अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. मी वर्गात ही ओळ प्रोजेक्टरवर दाखवतो. आपल्या शेजारच्या कंपनीचं नाव अशा जागी बघून मुलं जरा सरसावून बसतात.

'होती' असं मुद्दाम म्हटलं. कारण काही वर्षांनी हा भाग जीसीसीतून काढला गेला, सांभाळ न झालेल्या इतर जुन्या टार्गेट्सबरोबर. मुलांना हे ऐकून वाईट वाटतं. मला वाटतं, हेही त्यांना सांगायला हवं, लपवायचं नाही. बिऱ्हाड एकदा हलवून थांबता येत नाही. घर राहतं ठेवावं लागतं. दरवर्षी नवी आवृत्ती येते, आजूबाजूचा कोड बदलतो, चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात. आपल्याकडे नवीन बांधण्याचं कौतुक फार. उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतात, देखभालीला कुणी नाही. याबद्दल माझं मत कडक आहे: प्रोजेक्टच्या गुणांत 'गेल्या वर्षीच्या मुलांचा प्रोजेक्ट यंदा चालता केला' याला नव्या प्रोजेक्टइतकेच गुण असावेत. आमच्या स्टाफरूममध्ये यावर एकमत नाही. तुमच्यातही नसेल, मला लिहा.

मराठी मुलखात या विषयावर शिकवण्याचं मोठं काम आयआयटी मुंबईत झालंय. प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि जीसीसीच्या आत काय चालतं हे उलगडून दाखवणाऱ्या कार्यशाळा देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी झाल्या. इंजिनिअरिंगला शिकवणाऱ्या वाचकांनी ते साहित्य जरूर शोधावं.

आता युनिक्ससारख्या सिस्टिमबद्दल. लोकांना वाटतं लिनक्स, मॅक, बीएसडी, अँड्रॉइड हे सगळे एकाच घराण्यातले, मग अडचण कसली? भाऊभाऊ असले तरी स्वयंपाकघर वेगळं असतं. बेल लॅब्जमध्ये १९७३ साली युनिक्स सी भाषेत पुन्हा लिहिली गेली, आणि १९७७-७८ च्या सुमारास स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी ती इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या मशीनवर नेली. त्यासाठी जॉन्सन यांनी हलवायला सोपा जाईल असा सी कंपायलर लिहिला. त्याआधी सीचे प्रोग्रॅम इतर मशिनांवर नेताना त्यांचा अनुभव असा होता की, हार्डवेअरच्या फरकांपेक्षा ऑपरेटिंग सिस्टिमचे फरक जास्त छळतात. आज जवळपास पन्नास वर्षांनीही तेच आहे. उबंटूवर चालणारी शेल स्क्रिप्ट मॅकवर 'सेड' कमांडपाशी अडते, कारण दोन्हीकडे नाव 'सेड', पण एक जीएनयूची आणि दुसरी बीएसडीची. मॅकवर तुम्ही 'जीसीसी' टाइप केलंत तर प्रत्यक्षात उत्तर देतो क्लँग नावाचा दुसराच कंपायलर. दारावरची पाटी जुन्या भाडेकरूची, आत राहतोय भलताच.

"पण हे शाळेत कशाला? इंजिनिअरिंगला बघतील." हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. दहावीच्या मुलाने जीसीसी बूटस्ट्रॅप करावा असं मी म्हणत नाही. पण गृहीतकं ओळखण्याची सवय अठराव्या वर्षी अचानक लागत नाही. आमच्या पट्ट्यातली बरीच मुलं इंजिनिअरिंगपर्यंत जातही नाहीत. आयटीआय, डिप्लोमा, बीसीए करून चाकण-रांजणगावला लागतात. तिथे एका मेकचा कंट्रोलर जाऊन दुसऱ्या मेकचा येतो. फानुकवर चाललेला प्रोग्रॅम सीमेन्सवर जसाच्या तसा चालत नाही, हे कुठल्याही सीएनसी ऑपरेटरला विचारा. त्या दिवशी कामी येतं ते 'या प्रोग्रॅमने काय काय गृहीत धरलंय?' हे विचारता येणं. ज्याला येतं तो सेटर होतो. ज्याला येत नाही तो बटण दाबत राहतो, आणि कंत्राट संपलं की घरी बसतो. एवढा साधा आणि एवढा महागडा फरक आहे हा.

दुसरा आक्षेप: "घरी कॉम्प्युटर नाही." हा खरा आक्षेप आहे, आणि यावर माझ्याकडे उपाय आहे. फोन तर आहे ना? अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. पण नेहमीचं लिनक्स नाही. त्याची सी लायब्ररी वेगळी, बायोनिक नावाची, आणि प्रोग्रॅम ज्या ठरलेल्या फोल्डरमध्ये असायला हवेत ते फोल्डर ॲपच्या हाती नाहीत. म्हणून लिनक्सवरचा कंपायलर उचलून फोनमध्ये टाकला तर चालत नाही. टर्मक्स नावाच्या ॲपच्या मंडळींनी क्लँगसकट शेकडो साधनं, पत्ते बदलून, डागडुजी करून, अँड्रॉइडसाठी पुन्हा बांधली आहेत. म्हणजे या लेखात सांगितलेलं सगळं पोर्टिंग कुणीतरी करून तुमच्या मुलाच्या खिशात ठेवलंय, फुकट. टर्मक्स एफ-ड्रॉइडवरून घ्यावं, प्ले स्टोअरवरच्या आवृत्तीच्या भानगडी आहेत. सुरुवातीला थोडा डेटा जाईल, वायफाय असेल तिथे करा. ओटीजीने साधा कीबोर्ड जोडला की बोटं दुखत नाहीत.

मग हा एक प्रयोग करायला द्या. एक 'कॅर' व्हेरिएबल घ्या, त्यात उणे १ ठेवा, आणि तो आकडा म्हणून छापा. शाळेच्या लॅबमधल्या इंटेलच्या लिनक्स पीसीवर छापला जाईल उणे १. फोनवर तोच प्रोग्रॅम छापेल २५५. कारण फोनमधल्या एआरएम प्रोसेसरवर लिनक्स-अँड्रॉइडच्या रिवाजात साध्या कॅरला चिन्हच नसतं. आता कुणाच्या घरी नवा ॲपलचा मॅक असेल, तर तिथेही करून बघा. प्रोसेसर एआरएमच, पण तिथे पुन्हा उणे १! चिप त्याच जातीची, सिस्टिम बदलली, उत्तर बदललं. सी भाषेच्या नियमात हे मोकळं सोडलेलं आहे, ज्याने त्याने ठरवायचं.

मुलांना आधी उत्तर सांगू नका. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा, "यातलं चुकीचं कोणतं?" माझ्या वर्गात यावर अर्धा तास भांडण झालं होतं. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, चुकीचं कोणतंच नाही. आपण काय पाहिजे ते नीट लिहिलं नाही." मग तिनेच 'साइन्ड कॅर' असं स्पष्ट लिहून तिन्हीकडे उणे १ आणून दाखवलं. जर्नलमध्ये हा प्रयोग आठव्या क्रमांकावर घातलाय, कुणाला हवा असेल तर कळवा, पीडीएफ पाठवतो.